छाओ त्सुओने बंड ओढवले नाही: ‘वाटसरू’ यांच्या लेखाला उत्तर

दप्तरदार:
‘वाटसरू’ यांनी परवा प्राचीन चीनच्या हान साम्राज्यावर लिहिताना असे ठरवून टाकले की, इ.स.पू. १५४ मधील सात राज्यांचे बंड, म्हणजे सम्राटाच्याच घराण्यातील सात मांडलिक राजांचा उठाव, छाओ त्सुओ या उतावळ्या मंत्र्याने ओढवून आणले. सम्राट जिंगने धीर धरला असता, तर वू राज्याचा म्हातारा राजा ल्यू पी आपोआप संपला असता आणि पुढे जिंगनंतरच्या सम्राट हान वूदीने राजांचा मुलूख सगळ्या मुलांत वाटायला लावून जे साधले, तेच रक्त न सांडता साधले असते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मत वाचले की मला राग येतो, कारण त्यात ज्याचा बळी गेला त्यालाच गुन्हेगार ठरवले जाते.

छाओ त्सुओने सम्राटाला स्पष्ट बजावले होते की, या राजांचा मुलूख कापून दरबाराकडे घेतला तरी ते उठणार आणि न कापला तरी उठणार. कापला तर लवकर उठतील व हानी कमी होईल, न कापला तर उशिरा उठतील व हानी मोठी होईल. झालेही तसेच. वूकडून दोन प्रांत काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि ल्यू पीने चौदा ते बासष्ट वर्षांच्या सगळ्या पुरुषांना शस्त्र उचलायला लावले, कारण तो स्वतः बासष्ट वर्षांचा होता आणि त्याचा धाकटा मुलगा चौदाचा. इतकी जमवाजमव रागाच्या भरात एका रात्रीत होत नसते. ‘दरबारातील दुष्टांना दूर करा’ ही बंडखोरांची घोषणा खरी मानून सम्राटाने छाओ त्सुओला दरबारी पोशाखातच गाडीत बसवून राजधानीच्या पूर्वेकडील बाजारात नेऊन मारले. मग सम्राटाचा दूत युआन आंग समजूत घालायला वूच्या छावणीत गेला, तेव्हा ल्यू पीने हसून उत्तर दिले की आपण आता पूर्वेचे सम्राट झालो आहोत. मागणी छाओ त्सुओच्या डोक्याची होती, तर ते मिळाल्यावर सैन्य माघारी का फिरले नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

वाटसरू:
आपण ल्यू पीचा राग मध्येच सुरू करता, तो मुळापासून सांगत नाही. त्याचा मुलगा राजधानीत आला असताना युवराजाशी पटाच्या खेळावरून त्याचे भांडण झाले आणि युवराजाने तोच पट त्याच्या डोक्यात घालून त्याला ठार केले. तो युवराज म्हणजेच पुढचा सम्राट जिंग. प्रेत वूमध्ये पोहोचले, तेव्हा बापाने ते परत पाठवले. आधीचा सम्राट वेन शहाणा होता. त्याने म्हाताऱ्याला टेकायला चौरंग आणि काठी पाठवून दरबारात येण्यापासून माफी दिली आणि प्रकरण वीस वर्षांहून अधिक काळ शांत ठेवले. ज्याच्या हाताला त्या मुलाचे रक्त लागले होते, त्यानेच मुलूख कापायला निघावे, हा उतावळेपणा नाही तर काय?

दप्तरदार:
मुलाच्या मृत्यूचे दुःख मला कळते. परंतु वेनच्या त्या वीस वर्षांत वूच्या टाकसाळी चालू राहिल्या आणि इतर प्रांतांतील फरारी लोक तिथे आश्रयाला गेले. त्या शांततेची किंमत कोणीतरी चुकवणारच होते.

सावित्रीची_लेक:
फरारी म्हणून ज्यांची हेटाळणी होते, ते वूमध्येच का जात होते, हे कोणीच विचारत नाही. वूच्या डोंगरांत तांबे होते, समुद्राच्या पाण्यापासून मीठ होत होते आणि या उत्पन्नावर राज्य चालत असल्यामुळे प्रजेवर कर नव्हता. ज्यांना सक्तीच्या सेवेवर जावे लागे, त्यांना ल्यू पी बाजारभावाने मजुरी देत असे. मी अनेक वर्षे शाळेत शिकवले. दर काही वर्षांनी वरून सर्वेक्षणाचे काम यायचे, उन्हात घरोघर फिरावे लागायचे आणि मानधनाचा विषय काढला की ‘प्रस्ताव पाठवला आहे’ एवढेच उत्तर मिळायचे. त्यामुळे सक्तीच्या कामाचे पैसे रोख मोजणारा राजा मला बंडखोर म्हणून एका शब्दात निकालात काढता येत नाही. केंद्राची सत्ता भक्कम झाली म्हणजे प्रजेचे भले झाले, हे तुम्ही सगळे गृहीत धरून बोलत आहात.

दप्तरदार:
ताई, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. मजुरी देणे चांगलेच होते. परंतु ज्या राजाने प्रजेला इतके जपले, त्यानेच तिची चौदा वर्षांची मुले लढाईला नेली, हेही त्याच हिशेबात धरा.

निवृत्त_सुभेदार:
आपण सगळे राजधानीत अडकला आहात. युद्ध लियांग या सम्राटाशी निष्ठावंत राज्याच्या राजधानीत, सुइयांगच्या तटावर लढले गेले. लियांगचा राजा ल्यू वू, सम्राटाचा सख्खा भाऊ, तिथे अडकला होता आणि वू व त्याचे साथीदार बंडखोर राज्य चू यांच्या फौजा तटावर धडका मारत होत्या. तो रोज जासूद पाठवून मदत मागत होता आणि सेनापती झोऊ याफू छांगयी येथे तट-खंदक करून बसून राहिला. सम्राटाचा हुकूम आला, तरीही तो हलला नाही. नकाशावर पाहिले तर त्याचे बरोबर होते, कारण त्याच्या घोडदळाने ह्वाई आणि सि नद्यांच्या संगमाजवळ वूची रसद तोडली आणि उपाशी फौज आपोआप मोडली. पण मी एका चौकीवर असताना शेजारच्या चौकीकडे आम्ही बिनतारी संदेशाने कुमक मागितली होती आणि ‘जागा सोडू नका’ एवढेच उत्तर आले होते. तो निर्णयही बरोबरच होता, हे मला नंतर समजले. तरी ज्याने उत्तर दिले, त्याच्याशी मी पुन्हा मोकळेपणाने बोलू शकलो नाही. लियांगचा राजा आयुष्यभर झोऊ याफूच्या विरुद्ध आपल्या आईचे कान भरत राहिला, यात मला नवल वाटत नाही.

वाटसरू:
सुभेदारसाहेब, तुम्ही झोऊ याफूला फारच सोडून देता. निघण्यापूर्वीच त्याने सम्राटाला सांगितले होते की, चूचे सैन्य चपळ आहे, त्याच्याशी समोरासमोर भिडू नये, लियांग त्याच्या तोंडी द्यावे आणि मागून रसद तोडावी. सम्राटाने ते मान्य केले होते. म्हणजे भावाला बळी द्यायचा बेत आधीच ठरला होता. लियांगही मोठे आणि श्रीमंत राज्य होते. वू आणि लियांग एकमेकांना झिजवतील, तर दरबाराचे दोन्हीकडून फावणार होते.

निवृत्त_सुभेदार:
हे तुम्ही खुर्चीत बसून लिहू शकता. वेढ्यात कोणाचे ‘फावते’, हे तटावर उभे राहून बोला. झोऊ याफूच्या छावणीत एका रात्री गोंधळ उडाला, सैनिक आपसांत मारामारी करत त्याच्या तंबूपर्यंत आले आणि तो अंथरुणावरून उठलाही नाही. थोड्या वेळाने सगळे आपोआप शांत झाले. पुढे वूच्या फौजेने आग्नेय कोपऱ्यावर हल्ल्याचा देखावा केला, तेव्हा त्याने वायव्येला पहारा वाढवला आणि खरा हल्ला तिथेच आला. असा माणूस दरबारी कटासाठी लढत नाही, लढाई जिंकण्यासाठी लढतो. त्याच्यावर असा आरोप करण्यापूर्वी निदान त्याचा शेवट तरी आठवा. त्याच्या मुलाने बापाच्या अंत्यविधीसाठी ५०० चिलखते व ढाली विकत घेतल्या, म्हणून त्याच्यावर बंडाचा आळ आला आणि तुरुंगात अन्न सोडून तो मेला.

सावित्रीची_लेक:
म्हणजे ज्यांनी साम्राज्य वाचवले, त्या दोघांनाही याच सम्राटाने संपवले. मग ल्यू पीने या सम्राटावर विश्वास का ठेवावा, हे मला कोणी सांगेल का?

दप्तरदार:
सुइयांगवर आपण इतके बोललो की मूळ प्रश्न मागे पडला. राजांचा मुलूख मुलांत वाटण्याच्या युक्तीवर माझे उत्तर अजून बाकी आहे. मोठी राज्ये तोडून लहान करावीत, हा सल्ला जिया यी या दरबारी विद्वानाने सम्राट वेनलाच दिला होता. तो पूर्णपणे अमलात आणण्याची ताकद तेव्हा दरबारात नव्हती. बंड तीन महिन्यांत मोडले, इ.स.पू. १४५ मध्ये राजांकडून आपापल्या राज्यांचा कारभार काढून घेतला गेला आणि त्यानंतर, इ.स.पू. १२७ मध्ये, वूदीचा सल्लागार झूफू यान याच्या सल्ल्याने वाटणीचा हुकूम निघाला. ज्या राजाच्या हातात टाकसाळ, मीठ आणि फौज आहे, त्याला मुलांत मुलूख वाटायला कोण लावणार होते?

वाटसरू:
क्रम तुमचा बरोबर आहे, इतके मी मान्य करतो. परंतु छाओ त्सुओला हुतात्मा करताना एक गोष्ट तुम्ही टाळलीत. बंड झाल्यावर त्याने सम्राटाला सल्ला दिला की सम्राटाने स्वतः फौज घेऊन जावे आणि आपण राजधानी सांभाळावी. आग लावणाऱ्याने मालकाला पुढे पाठवून स्वतः घरात थांबायचे, हे कोणत्या निष्ठेत बसते? त्याला मारा, असे युआन आंगने सम्राटाच्या कानात भरण्याआधीच त्याने सम्राटाचा विश्वास गमावला होता.

दप्तरदार:
तो सल्ला वाईट होता आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. परंतु वाईट सल्ल्याबद्दल पदावरून काढतात, सहकुटुंब मारत नाहीत. युआन आंग पूर्वी वूचा मंत्री होता, ल्यू पीचे पैसे घेतल्याचा ठपका छाओ त्सुओनेच त्याच्यावर ठेवला होता आणि सम्राटाने नेमका त्याचाच सल्ला ऐकला. आघाडीवरून परतलेल्या देंग नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला तोंडावर सांगितले की, वूची तयारी अनेक दशकांची होती, छाओ त्सुओ हे निमित्त होते आणि त्याला मारून तुम्ही निष्ठावंतांची तोंडे बंद केलीत. त्यावर सम्राट बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, मलाही त्याचा पश्चात्ताप होतो आहे. ज्याने मारण्याचा हुकूम दिला, त्यानेच हे कबूल केले आहे. आपण अजून कोणाची साक्ष मागता?

वाटसरू:
पश्चात्ताप मारल्याचा होता. मुलूख कापण्याची घाई योग्य होती, असे सम्राट त्या वाक्यात कुठेही म्हणालेला नाही.