हिरो कोण? काहिलीवाले नाना का टॉर्चवाले अण्णा? (मंडळात भांडण लागलंय, मत द्या)

कृष्णाकाठचा_पांडू

काल आमच्या मंडळाची मीटिंग होती. गणपतीला दरवर्षी एका 'खऱ्या हिरोचा' सत्कार करायचा असं दोन वर्षांपूर्वी ठरलंय, शाल श्रीफळ आणि पाच हजाराचं पाकीट. यंदा दोन नावं आली आणि वर्गणीचा विषय राहिला बाजूला, ह्याच्यावरच रात्री साडेबारापर्यंत राडा.

पहिलं नाव नानांचं. २०१९ च्या पुरात नानांनी गुऱ्हाळाची काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) आणली, तिला दोन्ही बाजूनी दोर बांधले आणि आमच्या मागच्या तीन गल्ल्यातली म्हातारी कोतारी, बाळंतीण, एक शेळी (हो, शेळी पण) सगळं बाहेर काढलं. ह्याच्यावर कुणाचं दुमत नाही, नाना हिरोच.

दुसरं नाव मी दिलं. अण्णा. कारखान्यात काट्यावर क्लार्क होते, आता रिटायर. जुलै लागला की हा माणूस दिवसातनं तीनदा सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन कृष्णेच्या पाण्याची फूटपट्टी बघतो, कोयनेतनं किती सोडलं, कराडला काय आहे, सगळं वहीत लिहितो. आणि पाणी तीस फुटाच्या वर सरकायला लागलं की रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन तळमजल्याची दारं वाजवत फिरतो, "सामान वर चढवा, गाडी काढा". एका वर्षी असंच उठवलं आणि पाणी चाळीसच्या आतनंच उतरलं, तर लोकांनी आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. एकानं अंगावर पाणी फेकलं. पुढच्या पुराला हा परत टॉर्च घेऊन हजर.

मी म्हटलं नानांनी चाळीस माणसं काढली पण अण्णांमुळं किती जणांना काढायची वेळच आली नाही ते कोण मोजणार? तर सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले "अरे फोटो कशाचा लावायचा, टॉर्चचा?"

तुम्हाला काय वाटतं?

भडंग_भैया

शेळीचा पण सत्कार करा

साताऱ्याचा_कंदी

पांडूशेठ राग मानू नका पण टॉर्च घेऊन फिरणं म्हणजे हिरोगिरी असेल तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनला पण शाल द्यायला लागेल. हिरो म्हणजे जिवाची बाजी, बास, दुसरी व्याख्या नाही. आमच्या जावळीतल्या केडंबेचे तुकाराम ओंबळे घ्या, २६/११ ला गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी, समोर एके-४७, नळी हातात धरली ती गोळ्या खाऊन पण सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ ला अशोकचक्र मिळालं. आमच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, २०१५ ला कुपवाड्यात गेले. ही माणसं डोळ्यासमोर असताना वहीत फूट लिहिणाऱ्याला हिरो म्हणायचं म्हणजे शब्दाची किंमत घालवायची. चांगला माणूस म्हणा, भला माणूस म्हणा, माझी ना नाही.

मिरजेची_तंबोरी

कंदीदादा, ओंबळे आणि महाडिक दोघंही ड्युटीवर होते हो. मग ड्युटी करणारा हिरो असतो का नसतो ते एकदा नक्की करा, कारण आम्हाला कुणीतरी 'हिरो' म्हटलं की मला भीतीच वाटायला लागलीय.

मी नर्स आहे, मिरजेतच. २०२० ला मे महिन्यात हेलिकॉप्टरनी दवाखान्यांवर फुलं टाकली, देशभर. टीव्हीवर बघितलं, डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात मी पीपीई किट घालून आठ तास पाणी न पिता काढलेत आणि रिलीव्हर आली नाही म्हणून पुढचे सहा पण मीच काढलेत. आशाताईंचं बघा, २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, सगळ्यांनी स्टेटसला लावलं, आणि २०२३ ला त्याच बायका मानधनासाठी संपावर बसलेल्या. हिरोला पगार मागता येत नाही ना! एकदा मखरात बसवलं की देव बोलत नसतो.

मला कुणी हिरो म्हणू नका, रिलीव्हर पाठवा.

साताऱ्याचा_कंदी

ताई मुद्दा मान्य, पण तो पगाराचा मुद्दा झाला. ओंबळेंच्या ड्युटीत नळी धरून ठेवा असं कुठं लिहिलं होतं? लिहिलेलं असतं त्याच्या पुढं जातो तो हिरो.

मिरजेची_तंबोरी

आणि अण्णांना दारं वाजवा असं कुठं लिहून दिलं होतं?

भडंग_भैया

तंबोरी १ कंदी ०

पलूसचा_पाव्हणा

मी वाचत होतो गप, पण आता बोलतो. आमचं गाव ब्रह्मनाळच्या शेजारचं. ८ ऑगस्ट २०१९, बोट उलटली, सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. आम्ही टीव्हीवर नाही, काठावरनं बघितलंय. ती बोट काय कुणी चैन म्हणून काढली नव्हती, गाव पाण्यात, बाहेरची मदत पोचायच्या आधी गावातलीच पोरं जीव धोक्यात घालून लोकं काढत होती, आधी फेऱ्या झालेल्या, त्या फेरीला माणसं जास्त बसली, अंगात जॅकेट नाही, आणि काठ दिसत असताना पलटी. बायका आणि लेकरंच जास्त गेली.

आता मला सांगा, तीच बोट धा मिनिटं तरंगली असती आणि काठाला लागली असती, तर बोटीवरच्या पोरांच्या गळ्यात हार पडला असता का नसता? पडला असता. फ्लेक्स लागले असते. म्हणजे काठाला लागली तर हिरो आणि नाही लागली तर चौकशी. धाडस तेच, माणसं तीच. म्हणून मला ह्या जिवाच्या बाजीचं कौतुक ऐकवत नाही. आमच्या गावात 'हिरो' म्हटलं की मला त्यो दिवस आठवतो.

आणि पांडू, त्यात तुझ्या अण्णांचा मुद्दा हाय बघ. दोन दिवस आधी कुणीतरी दारं वाजवून, शिव्या खाऊन लोकं बाहेर काढली असती तर बोटीत बसायची पाळीच आली नसती. ५ तारखेला लोकं काय म्हणत होती? "२००५ ला इथपर्यंत आलं हुतं, त्याच्या वर येत नाही." भिंतीवर २००५ ची रेघ ओढलेली, सामान त्या रेघेच्या वर ठेवलं आणि निवांत. आयर्विनला ४५ ला धोका पातळी, आणि पाणी गेलं ५७ च्या वर.

पट्टीचा_पोहणारा

पाव्हणं तुमचं दुःख मोठं हाय, त्यावर बोलणार नाही. पण एक सांगतो, पाण्यात माणूस वाहत चाललेला असतो तेव्हा काठावरचा माणूस विचार करत बसला तर संपलं. मी दोनदा उडी मारलीय, हरिपूरला संगमाजवळ एकदा. एकाला काढलं, दुसरा हातातनं सुटला. दोन्ही वेळा डोक्यात काहीच नव्हतं, भीती पण नव्हती आणि शौर्य पण नव्हतं. भीती नंतर आली, घरी जेवताना हात थरथरायला लागला. सुटला त्याचा हात अजून आठवतो, काढला त्याचं तोंड पण आठवत नाही. तुम्ही म्हणता तसं बोट लागली का नाही यावर ठरत असेल, पण उडी मारायच्या आधी ते कुणालाच माहीत नसतंय. म्हणून नानांना कमी लेखू नका कुणी.

कृष्णाकाठचा_पांडू

नानांना कुणीच कमी लेखत नाही दादा, मूळ पोस्ट वाचा परत.

गच्चीवरची_वहिनी

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. आमचे हे सर्पमित्र. पुरात घराघरात साप शिरतात, पाणी उतरताना तर जास्तच, आणि तेव्हा ह्यांचा फोन थांबत नाही. २०१९ ला ह्यांनी चार दिवसात किती साप काढले त्याचा हिशोब नाही, पेपरात फोटो आला, हातात घोणस आणि तोंडावर हसू. त्या फोटोच्या वेळी मी दोन पोरं आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली सासू घेऊन गच्चीवर, ताडपत्री धरून. पिठाचा डबा वर नेला आणि गॅस खालीच राहिला. कच्चे शेंगदाणे खाल्ले दोन दिवस. शेजारच्या वैनींनी भात दिला म्हणून म्हातारीच्या पोटात काहीतरी गेलं.

मला ह्यांचा अभिमान नाही असं नाही. आहे. पण फोटोत मी नाही, ती ताडपत्री पण नाही. तेव्हा एवढं विचारा मंडळाला की नाना काहील घेऊन फिरत होते तेव्हा नानांच्या घरात कोण होतं.

भडंग_भैया

वहिनी काय बोलू. आता जोक सुचत नाही.

वाळव्याचा_मास्तर

वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमच्या भागात इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. क्रांतिसिंह नाना पाटील आमच्या येडेमच्छिंद्रचे. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तो प्रसंग शाळेत आम्ही दरवर्षी सांगतो, पोरं डोळे मोठे करून ऐकतात. पण भूमिगत माणूस खात काय होता? माझी आजी उसाच्या फडात भाकरी पोचवायची, वैरणीच्या भाऱ्यात लपवून. पकडली असती तर घर गेलं असतं. पुढं कुणीतरी म्हणालं पेन्शनचा अर्ज करा, तर तुरुंगाचा दाखला कुठाय? पकडली गेली नाही हाच तिचा गुन्हा. म्हणजे काम नीट केलं म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून नाव नाही. पांडूच्या अण्णांचं हेच झालंय की नाही बघा.

साताऱ्याच्या कंदींना पण एक. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे पुतळे गावोगाव आहेत, ते असायलाच पाहिजेत. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी दागिने आणि शेवटी मंगळसूत्र पण दिलं त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे पुतळे किती बघितलेत? त्यांनी गोळी झेलली नाही म्हणून हिरो नाहीत?

साताऱ्याचा_कंदी

मास्तर लक्ष्मीबाईंवर मी एक शब्द बोलणार नाही, मी स्वतः रयतचा विद्यार्थी आहे. पण त्यांनी स्वतःचं काहीतरी गमावलं की, मंगळसूत्र म्हणजे त्या काळात बाईचं सगळंच. मी तेच म्हणतोय, हिरो व्हायला किंमत मोजायला लागते. अण्णांनी काय मोजलं? झोप?

कृष्णाकाठचा_पांडू

इज्जत. गल्लीत 'पाणी आलं पाणी आलं' म्हणून पोरं चिडवायची त्यांना. २०१९ नंतर कमी झालं, पण २०२१ ला परत ५४ च्या पुढं गेलं तेव्हाच पूर्ण बंद झालं. मरणाला एकदा भिडणं वेगळं आणि दरवर्षी हसं करून घ्यायला स्वतःच्या पायानं जाणं वेगळं. मला पहिलं जमेल का माहीत नाही, दुसरं नक्की जमणार नाही.

साताऱ्याचा_कंदी

हं. ह्याच्यावर विचार करतो. पण हिरो शब्द नाही देणार अजून.

खंबाटकीचा_ड्रायव्हर

हायवेवर पडलेल्याला दवाखान्यात नेलं तर आता सरकार पैसे देतं, आधी पाच हजार होते, आता पंचवीस केलेत. कायदा पण झालाय २०१९ ला, नेणाऱ्याला नाव सांगायची पण सक्ती नाही. तरी घाटात ॲक्सिडेंट झाला की गाड्या हळू होतात, मोबाईल बाहेर येतात आणि गाड्या पुढं जातात. मी पण एकदा पुढं गेलोय. खोटं बोलत नाही. मागं पोरगी झोपलेली, बायको म्हणाली थांबू नका. अजून त्या वळणावर आलो की आपोआप ब्रेकवर पाय जातो. हिरो कोण ते तुम्ही ठरवा, मी कोण नाही एवढं मला कळलंय.

पट्टीचा_पोहणारा

दादा पुढच्या वेळी थांबशील.

कृष्णाकाठचा_पांडू

अपडेट. आज परत मीटिंग झाली. अध्यक्ष स्वतः दोघांना विचारायला गेले होते. नाना म्हणाले द्यायचं तर माझ्या बायकोला द्या, पुरात घरातलं अठरा माणसांचं जेवण तिनं केलंय (वहिनी, तुमचा प्रश्न मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, तो नानांपर्यंत पोचलेला दिसतोय). अण्णांनी चहा पाजला, सत्काराचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या पाच हजारात बॅटरीवाला भोंगा येतो का बघा. आणि गुडघा धरलाय, यंदा जिने चढवत नाहीत, सूर्यवंशी प्लॉटकडची बाजू कुणीतरी घ्या." अध्यक्षांना काय बोलावं सुचेना. निर्णय झालेलाच नाही, वर्गणीचा पण नाही.

मिरजेची_तंबोरी

बघा, त्यांनी पण रिलीव्हरच मागितला.

पलूसचा_पाव्हणा

भोंग्याचे पैशे मी देतो, मंडळाचं पाकीट नानांच्या मालकिणीला जाऊ दे.

भडंग_भैया

सूर्यवंशी प्लॉटकडं किती दारं आहेत? मी जवळच राहतो. रात्री जागाच असतो असाही.

कृष्णाकाठचा_पांडू

वहीत लिहिलेली आहेत, तळमजल्याची वेगळी आणि म्हातारी माणसं एकटी असलेली वेगळी. उद्या संध्याकाळी ये अण्णांकडं. बाहेर पाऊस बघितलास का, दुपारी आयर्विनला २२ होतं म्हणे.

भडंग_भैया

पुलावरच आहे आत्ता. २२ नाही, २४ ला टेकलंय.