चर्चच्या जागेचं झोनिंग: शेजाऱ्यांनी बोलायचंच नाही का?

कोपऱ्यावरचा: 'चर्चच्या जमिनीवर घरं' या धाग्यात काल उंबरठा यांनी लिहिलं की जागा चर्चची, त्यामुळे निर्णयही चर्चचा, आणि विरोध करणारे सगळे आपल्या घराच्या किमतीला जपणारे स्वार्थी. मला ते लागलं, कारण त्या विरोधकांत मी आहे. आमच्या घरामागच्या चर्चने साडेतीन एकरांचं झोनिंग, म्हणजे त्या जागेवर काय बांधता येईल याचा स्थानिक नियम, एक-कुटुंब घरांवरून बहुकुटुंब इमारतींसाठी बदलून मागितलंय. हिरवळीवर सूचनेची पाटी लागली तेव्हा कळलं. पास्टर भला माणूस आहे. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा दोनदा येऊन नुसता शेजारी बसला होता. पण झोनिंग पास्टरला मिळत नाही, जमिनीला मिळतं. उद्या चर्चने जागा विकली, तर घेणारा नव्या झोनमध्ये बसेल ते काहीही बांधेल. आज दाखवलेले नकाशे त्याच्यावर बंधनकारक नाहीत. सुनावणीत मी हेच विचारलं. तीन मिनिटं संपली, लाल दिवा लागला, उत्तर मिळालं नाही.

उंबरठा: शब्द मागे घेणार नाही. १९२६ च्या युक्लिड खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने झोनिंग वैध ठरवलं, त्याच निकालात अपार्टमेंट इमारतीला 'परोपजीवी' म्हटलंय. शंभर वर्षांनी तीच भाषा 'वस्तीचं स्वरूप' म्हणून ऐकू येते. मी नऊ वर्षं भाड्याने राहिले, तीनदा मुलाची शाळा बदलली. पार्किंगचं डांबर आठवड्याचे सहा दिवस रिकामं पडलेलं बघून मला राग येतो. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये एसबी ४ हा कायदा मंजूर करून धार्मिक संस्थांच्या जागेवर परवडणारी घरं बांधायला झोन बदलण्याची अटच काढली. बाकी राज्यांनी कशाची वाट बघायची?

रेघोट्या: आपलं मंदिर उभं राहताना काय झालं, ते विसरलात का सगळे? चार सुनावण्या. ट्रॅफिक, घंटेचा आवाज, 'वस्तीला शोभत नाही'. एक बाई तर म्हणाली, रात्री किती लोक येणार ते आम्हाला कसं कळणार? बाहेर येऊन माझी आई गाडीत रडली. १९९७ मध्ये टेक्ससमधल्या बर्नीचं चर्च वाढीव बांधकामाच्या परवानगीसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन हरलं. त्यानंतर २००० मध्ये आरएलयूआयपीए, म्हणजे झोनिंगच्या बाबतीत धार्मिक संस्थांना संरक्षण देणारा कायदा, आला, आणि त्याच कायद्याच्या आधाराने आपल्या वकिलाने बाजू मांडली. चर्चवाल्यांच्या लढ्याचा फायदा घ्यायचा आणि आता त्यांनाच अडवायचं?

कोपऱ्यावरचा: मंदिर पूजेसाठी होतं. भाड्याच्या सदनिका म्हणजे उपासना नव्हे. आईचं दुःख खरं आहे, पण ते माझ्या तोंडावर फेकू नका. त्या सुनावणीला मी तुमच्या बाजूने बोललो होतो.

आजोबा७१: मंदिराचं निघालंच आहे तर सांगतो. सणाच्या दिवशी आपली मंडळी माझ्या ड्राइव्हवेपुढे गाड्या लावतात. सहा वर्षं समितीला सांगतोय. गेल्या वर्षी हिची शुगर उतरली तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली, स्ट्रेचर चालत आणावं लागलं.

रेघोट्या: आजोबा, समितीने स्वयंसेवक नेमलेत, आणि निम्म्या गाड्या चर्चच्या पार्किंगमध्येच जातात.

आजोबा७१: स्वयंसेवक आरतीला आत जातात! आणि चर्चच्या पार्किंगवर इमारती आल्या की त्या निम्म्या गाड्या कुठे जाणार? याचा विचार केलाय कोणी?

रेघोट्या: …नाही. समितीत विषय काढते.

उंबरठा: पार्किंगवरच अडकलो. कोपऱ्यावरचा, परवडणाऱ्या घरांची अट दस्तावर नोंदवली, म्हणजे पुढच्या मालकालाही लागू होईल अशी, तर तुमचा विरोध राहील?

कोपऱ्यावरचा: पन्नास वर्षांची अट असेल आणि पावसाच्या पाण्याचा निचरा आराखड्यात असेल तर नाही. आत्ताच त्या डांबरावरचं पाणी माझ्या तळघरात उतरतं. वडिलांची पुस्तकं त्यातच गेली.

उंबरठा: अर्जात तशी अट नाही, आज वाचून पाहिलं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. 'सगळे स्वार्थी' मधला 'सगळे' मागे घेते.

कोपऱ्यावरचा: मग मंगळवारी माइकवर तुम्ही अटीचं बोला. मी पाण्याचं बोलतो.