डीबीएसनंतर बाबांना शब्द सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्सला १२ वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांची डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) शस्त्रक्रिया झाली, म्हणजे मेंदूत बारीक तारा बसवून मशीनने सौम्य विजेचे ठोके देतात ती. मेंदूत दोन्ही बाजूंना, सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये (हालचालींशी संबंधित एका खोल, लहान भागात) इलेक्ट्रोड आहेत. कंप जवळजवळ गेला, गोळ्या निम्म्यावर आल्या. पहिल्यांदा त्यांनी चहाचा कप एका हाताने उचलला तेव्हा आईला रडू आवरेना. ऑपरेशन करून चूक केली असं आम्हाला अजिबात वाटत नाही.

पण बोलणं बदललंय. आवाज बारीक झालाय, शब्द एकमेकांत मिसळतात. हे थोडं आधीपासून होतं. नवीन आहे ते शब्दच न सापडणं. परवा आईकडे विळी मागायची होती. "ते दे गं... ते... नारळ..." आणि हाताने खवण्याची खूण. आईने विळी समोर ठेवल्यावर लगेच म्हणाले, "हां, विळी!"

माझ्या मुलीबरोबर ते नाव-गाव-फळ-फूल खेळतात, लिहायला त्रास होतो म्हणून तोंडी. पूर्वी तिला जिंकता यावं म्हणून मुद्दाम अडल्यासारखं करायचे. रविवारी 'म' आला. माधव, मिरज, आणि फळापाशी थांबले ते थांबलेच. तिने हळूच "मोसंबी" म्हटलं, तर पुढचा डाव नको म्हणाले. या माणसाने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलंय हो.

डॉक्टर म्हणतात, वयामुळे असेल. पण ऑपरेशनच्या आधी असं नव्हतं. मशीनचं सेटिंग बदलून शब्द परत येतात का? त्यात कंप परत आला तर? कोणाच्या घरी असा अनुभव आहे का?

प्रतिसाद १
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

बोलणं अस्पष्ट होण्यामागे बरेचदा करंट शेजारच्या तंतूंपर्यंत पसरणं हे कारण असतं. ओठ-जिभेला हुकूम नेणारे तंतू तिथून जवळच जातात. करंट कमी करून, इलेक्ट्रोडवरचा दुसरा बिंदू वापरून किंवा विजेच्या ठोक्यांची वारंवारता उतरवून (नेहमी साधारण १३० हर्ट्झ असते, काहींना ६० ला बोलणं सुधारतं) फरक पडू शकतो. कंप थोडा डोकं वर काढू शकतो, म्हणून हे हळूहळू करतात.

शब्द न सुचणं मात्र वेगळं. एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी सांगा, एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगा, अशी चाचणी आम्ही घेतो. म्हणजे तुमचा नाव-गाव-फळ-फूलच! या जागेच्या डीबीएसनंतर त्यात घट होणं हा चांगला माहीत असलेला परिणाम आहे. काहींना तो मशीन सुरू करण्याआधीच दिसतो, कारण इलेक्ट्रोड आत जाताना वाटेतल्या पेशींना धक्का लागतो. त्यामुळे नुसतं सेटिंग बदलून सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. पण "विळी" समोर दिसताच नाव आलं, म्हणजे शब्द पुसलेला नाही, वेळेवर हाती लागत नाही. तेव्हा घरात घाई करू नका, पहिलं अक्षर सुचवा.

ऑपरेशनआधीच्या मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल शोधा आणि तीच चाचणी आता पुन्हा करून मागा. मग वयाचं की ऑपरेशनचं यावर पुराव्याने बोलता येईल. गोळ्या निम्म्या केल्यावर बाबा गप्प-गप्प, निरुत्साही झालेत का, हेही डॉक्टरांना सांगा. औषध जास्त उतरवल्याने तसं होऊ शकतं. मशीन किंवा गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. अहवाल आईच्या कपाटात सापडला. त्यात आहे, एका मिनिटात १७ प्राणी. काल मी घरीच विचारलं, ९ आले. हे दोन्ही आकडे घेऊन गुरुवारी डॉक्टरांकडे जाते आहे. आणि हो, ते गप्प झालेत. आम्हाला वाटत होतं, शब्द अडतात म्हणूनच बोलत नाहीत. मराठीतून थेरपी देणारं सातारा-कराडकडे कोणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.