तलावाच्या काठी लावलेली रोपं मेली, आता देशी काय लावू? (दक्षिण सोलापूर)

काठावरचा
गावच्या सिंचन तलावाच्या काठाला गेल्या वर्षी ३०० रोपं लावली, जेमतेम २० राहिली. काठ उघडा पडलाय, बेशरम आणि वेडी बाभूळ माजलीय, दर पावसात वरच्या शेतातली माती थेट पाण्यात उतरते. जूनला परत लावायचीत, माणसं तयार आहेत, रोपांची ऑर्डर याच आठवड्यात द्यायचीय. देशी झाडांची यादी द्या.

रोपवाटिका_मोहोळ
यादी आत्ता देईन, पण तीही मरेल. कोणती रोपं होती, कुठल्या महिन्यात लावली, पाण्यापासून किती वर? वाळून मेली की सडून? उन्हाळ्यात तलाव आटतो का?

वाळा_लावा
वाळा लावा. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा तुकडा घ्या, शेंडा २० सेंमी आणि मुळं १० सेंमी ठेवून छाटा, ओळीत १५ सेंमी अंतरावर लावा. ओळ उताराला आडवी, एकाच पातळीत हवी. ओळ तिरपी गेली तर पाणी तिच्या कडेनं धावतं आणि तिथंच घळ पडते.

काठावरचा
लिंब, चिंच, गुलमोहर, थोडे करंज. जुलैत लावली, पाण्यापासून दहा पावलांवर. दिवाळीपर्यंत काळी पडून गेली. राहिले ते बहुतेक करंजच. तलाव एप्रिलपर्यंत आटतो.

सांडवा
इथंच चुकलं. जुलैतली पाण्याची कड म्हणजे तलावाची कड नव्हे. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तलाव तेव्हाच भरतो. तुमची रोपं आठवडेच्या आठवडे पाण्यात उभी होती. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. लिंबाला ते अजिबात सोसत नाही, करंजाला सोसतं. गुलमोहर तर देशी झाडच नाही.

आधी रेघ शोधा. सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी जिथून बाहेर पडतं त्याचा, माथा ही तलाव पूर्ण भरल्यावरची पातळी. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी घेऊन तिथून निघा आणि दर १० मीटरवर खुंटी ठोका. रेघेच्या खाली झाड नको, तिथं लव्हाळे आणि बोरू. रेघेपासून उभ्या उंचीत अर्ध्या मीटरपर्यंत वाळा, हरळी, निर्गुडी, करंज. त्याच्या वर अर्जुन, जांभूळ, आपली गावठी बाभूळ, तरवड.

पाणवठा
वाळुंजही घाला, फांदी रोवली तरी फुटते.

सांडवा
एप्रिलमध्ये आटणाऱ्या तलावाला वाळुंज नको. त्याला बारमाही ओल लागते.

कायदा_माहिती
पाणथळ नियम २०१७ खाली अर्ज करा, तलावाला संरक्षण मिळेल.

रोपवाटिका_मोहोळ
सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या नियमांतून वगळलेत. आणि विचारलंय रोपांबद्दल.

हिरवं_गाव
पाणी अडवणारी मातीच्या भरावाची भिंत पण रिकामीच असते, तिच्यावर दोन ओळी झाडं बसतील.

सांडवा
भरावावर एकही झाड लावू नका! मुळं मातीत आत जातात, झाड मेलं की मूळ कुजून पोकळी राहते आणि तिथून पाणी झिरपायला लागतं. मातीच्या धरणाला याच्याइतका धोका थोड्याच गोष्टींचा. तिथं फक्त हरळी.

शेणखत
जलपर्णी असेल तर काढून खत करा. शेणकाल्यासोबत थर द्या.

काठावरचा
जलपर्णी नाही. बेशरमीचं सांगा. आणि काठाला मेंढरं येतात, पाणी हटलं की दोघं जण उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात, गाळपेर करतात, हे लिहायचं राहिलं.

रोपवाटिका_मोहोळ
हे सुरुवातीलाच सांगायचं ना भाऊ! गाळपेर करणाऱ्यांना खुंट्यांची रेघ दाखवा. रेघेच्या खालचं त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या, रेघेच्या वर नांगर नको.

बेशरम मे महिन्यात, पाणी खाली असताना मुळासकट काढा. कोयत्यानं छाटून तिथंच टाकली तर ओल मिळताच प्रत्येक कांडीला मूळ फुटतं. उंचावर नेऊन कडकडीत वाळवा. वेडी बाभूळ वरून तोडली तर जास्त जोमानं फुटते, बुंध्याभोवती फूटभर खणून मुळाचा गड्डा तोडा. शेंगा येण्याआधी तोडलेल्या फांद्यांचं कुंपण करा, मेंढरं अडतील. शेंगा असलेली फांदी काठावर आणू नका.

वाळा_लावा
वाळा असला की हे बाकी काही लागत नाही.

सांडवा
वाळा माती धरतो, पण सगळा काठ वाळ्यानं भरला तर टिटवी, शेकाट्या बसणार कुठं? त्यांना उघडा चिखल लागतो. काठाचा एखादा तुकडा मुद्दाम मोकळा सोडा, झाडांची सलग भिंत करू नका.

काठावरचा
शेतांकडची बाजू २०० मीटर आहे. ऑर्डर किती देऊ?

रोपवाटिका_मोहोळ
वाळा दोन ओळी, १५ सेंमीवर: २,७०० तुकडे, मर धरून ३,०००. निर्गुडी दोन मीटरवर १००. ती विकत घेऊ नका, बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या आत्ताच पिशव्यांत लावा. करंज ४०, पाच मीटरवर. अर्जुन, जांभूळ, बाभूळ मिळून ४०, तेही दोन पावसाळे पाहिलेली रोपं, पिशवीत मूळ गोल फिरलेलं नको. वाळा जुलैत पाऊस लागल्यावर लावा, म्हणजे सप्टेंबरच्या आधी मुळं धरेल. लव्हाळे-बोरू विकत घेऊ नका, जवळच्या ओढ्यातून ठोंब आणा. आधी खुंट्या ठोका, मग ऑर्डर.

काठावरचा
सांडव्याच्या माथ्यावर दगडी कट्टा आहे, एका टोकाला फुटलाय. पातळी कुठली धरू?

सांडवा
फुटलेल्या जागेची. पाणी तिथूनच जाणार. पण कट्टा दुरुस्त होणार असेल तर आधी तो होऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी रेघ वर सरकेल आणि करंजाची अख्खी ओळ पाण्यात जाईल.