मुलगा रात्र रात्र गेम खेळतो. मेंदूत झालेला बदल कायमचा असतो का?

कलमाखालची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. आम्ही देवगड तालुक्यातले. घरी मी, सासूबाई आणि सतरा वर्षांचा मुलगा. मिस्टर मुंबईला असतात, गणपतीला आणि शिमग्याला येतात.

मुलाला दहावीला ८८ टक्के होते. यंदा अकरावीत दोन विषय राहिले. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो, अशी कुठलीशी बंदुकांची गेम आहे. घरात रेंज नाही, म्हणून रात्री जेवला की तो सड्यावर जातो आणि एका काजूखाली कातळावर बसतो. सोबत पॉवरबँक आणि आजीचा पावडरचा डबा. पावडर कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, घामाने अंगठा स्क्रीनवर अडकतो, म्हणून बोटांना चोळायची. दोन्ही अंगठ्यांची टोकं राठ झाली आहेत. परवा तीन वाजता उठून पाहिलं, तर झोपेतही अंगठे हलत होते. मी तशीच बसून राहिले त्याच्या उशाशी.

एप्रिलात आंब्याच्या व्यापाऱ्याचे पैसे माझ्या खात्यात आले, त्यातले ७,४०० रुपये गेले. गेममधल्या कसल्या तरी पेट्या उघडण्यात. आमच्या पाच डझनाच्या पेट्या मी ज्या पडवीत भरते, तिथेच बसून त्याने ते पैसे उडवले.

आता नणंदेने एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात मेंदूचे लाल-निळे फोटो आहेत आणि गेम खेळणाऱ्याचा मेंदू कोकेन घेणाऱ्यासारखा होतो असं सांगितलंय. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या मुलाचा मेंदू खराब झालाय का? झाला असेल तर परत येतो का? कृपया खरं काय ते सांगा.

खाडीकाठचे अण्णा:

वहिनी, फोन काढून घ्या आणि कपाटात कुलूपबंद करा. मे महिना आहे, बागेत आंबे काढायला झेला हातात द्या. चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी सरळ येईल. मुलांना मोकळं सोडलं की असंच होतं.

तिसरा तास:

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पण हे लिहितोय ते भाऊ म्हणून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा धाकटा भाऊ असाच त्यात बुडाला होता. मी त्याचा फोन जांभ्याच्या पायरीवर आपटून फोडला. दोन रात्री तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी जेटीवर जाळ्यांच्या ढिगावर झोपलेला सापडला. जागा झाल्यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याने, ती आजही डोळ्यांसमोर येते. म्हणून अण्णा, तुम्हाला हात जोडून सांगतो, हिसकावून घ्या असं कुणाला सांगू नका.

आधी त्या व्हिडिओचं. मेंदू खरोखर लाल-निळा होत नाही. जिथे हालचाल जास्त तिथे कोणता रंग द्यायचा हे माणसांनी ठरवून संगणकाकडून भरून घेतलेलं असतं. गेमचा मेंदूवर परिणाम होतो, हे मात्र खरं आहे. १९९८ मध्ये लंडनला ८ पुरुषांना रणगाडा चालवायची गेम खेळायला देऊन पेट स्कॅन, म्हणजे मेंदूत काय चाललंय ते दाखवणारी चित्रं, काढले होते. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे, तिथे डोपामिन, म्हणजे ओढ लावणारं मेंदूतलं रसायन, वाढलेलं दिसलं. ज्याचा खेळ सरस, त्याच्यात जास्त. पण ही यंत्रणा काही कोकेनसाठी बनलेली नाही. भुकेल्याला ताट वाढलं, आवडतं माणूस समोर आलं, तरी हीच जागी होते. कोकेन तिच्यात बाहेरून रसायन घालून तिला वेठीला धरतं. गेममध्ये बाहेरचं काही जात नाही. वाट तीच आहे म्हणून दोन्ही चित्रं सारखी दिसतात, पण नुकसान सारखं आहे असा त्याचा अर्थ लावू नका.

मग सुटत का नाही? वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर काम केलं होतं. फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी उसळायच्या. रसाच्या आधी ठरावीक खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही काळाने पेशी त्या खुणेलाच उसळू लागल्या. रस ठरल्याप्रमाणे आला की शांत. ठरलेला रस आला नाही की नेहमीपेक्षाही खाली. आणि ध्यानीमनी नसताना आला की जोरात. खाडीवर गरवायला बसलेला माणूस आठवा. प्रत्येक वेळी गरीला मासा लागला असता तर तासाभरात उठला असता. लागेल की नाही हे कळत नाही, म्हणून तो अंधार पडला तरी उठत नाही. गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. तुमच्या आंब्याच्या पेटीत काय आहे ते घेणाऱ्याला आधी ठाऊक असतं. गेमच्या पेटीत काय निघेल ते मुद्दाम झाकून ठेवलेलं असतं. ७,४०० रुपये त्या झाकणावर गेले, ताई. पोरगा चोर नाही तुमचा.

तैवानमध्ये २००९ साली गेमचं व्यसन असलेले १० जण आणि नसलेले १० जण घेऊन त्यांना गेमची नुसती चित्रं दाखवली होती. व्यसन असलेल्यांच्या मेंदूत ओढ लावणारे भाग लगेच जागे झाले. खेळ सुरूही झाला नव्हता. तुमचा पावडरचा डबा वाचला आणि मला हेच आठवलं. त्याने डबा हातात घेतला, तो वास आला, की सड्यावर पोचायच्या आधीच मेंदू खेळायला लागलेला असणार.

‘खराब’ या शब्दाबद्दल. २०११ मध्ये १४ वर्षांच्या १५४ मुलांचे स्कॅन तपासले, तेव्हा जास्त खेळणाऱ्यांच्यात स्ट्रायटमचा खालचा भाग मोठा आढळला. पण खेळून मोठा झाला, की आधीच मोठा असलेली मुलं गेमकडे ओढली गेली, हे त्यावरून ठरत नाही. मला खरी काळजी वाटते ती वयाची. कपाळामागचा जो भाग ‘आता पुरे’ म्हणतो, तो पंचविशीच्या आसपास पुरा होतो. सतराव्या वर्षी ओढ पूर्ण ताकदीची आणि लगाम अर्धा. त्यात जागरण.

परत येतं का? येतं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात १४३ पुरुषांवर उपचारांची चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली. गोळ्या नव्हत्या. समुपदेशकाबरोबर बोलणं, सवयी उलगडणं, नवीन सराव, असं १५ आठवडे. उपचार मिळालेल्यांपैकी ६९ टक्के व्यसनातून बाहेर आले. नुसते वाट पाहत थांबलेल्यांपैकी २४ टक्के. जो मेंदू हे शिकला, तोच दुसरं शिकू शकतो.

भावाच्या बाबतीत आम्ही आधी फक्त झोप धरली. रात्री अकराला सगळ्यांचे फोन माजघरात, आईचाही, माझाही. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, जेवायचा नाही, अंगावर यायचा. मग पहाटे काकांबरोबर होडीवर जायला लागला. आजही गेम खेळतो, रविवारी. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. प्रत्यक्ष जायचं तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला बिचकू नका.

वायरीचा पोर:

काकू, मी मालवणचा, २२ वर्षांचा. रोज दीड-दोन तास खेळतो आणि पर्यटकांच्या बोटीवर कामही करतो. सगळे खेळणारे आजारी नसतात, एवढं सांगायला लिहितोय. २०१४ मध्ये मोठ्या माणसांना दोन महिने रोज अर्धा तास मारिओची गेम खेळायला दिली, तर रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, वाढच झालेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर १ जानेवारी २०२२ पासून आहे, पण त्यात आवर सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, हे तिन्ही लागतं. तेही साधारण वर्षभर, आणि शिक्षण-घर-काम मोडण्याइतकं. तुमच्याकडे यातलं बरंच दिसतंय, म्हणून विचारायलाच हवं.

अजून एक. तो टीममध्ये खेळत असेल. मध्येच उठला की बाकीचे तिघं मरतात आणि उद्यापासून त्याला कोणी घेत नाही. म्हणून हाका मारल्या की आम्ही ओरडतो. ‘ही मॅच संपायला किती वेळ?’ असं विचारून बघा. वीस-पंचवीस मिनिटांची असते. सांगेल तो.

कलमाखालची:

सर, तुमचं उत्तर मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. डब्याचं वाचल्यावर दोघीही गप्प झालो.

काल रात्री मी त्याच्याबरोबर सड्यावर गेले. आधी चिडला, मग बाजूला सरकून जागा दिली. मालवणच्या दादाने सांगितलं तसं विचारलं, किती वेळ? म्हणाला, “बावीस मिनटां, आये.” मी बसले. चांदणं होतं, खाली समुद्राची गाज येत होती, आणि त्याचं कशाकडे म्हणजे कशाकडेच लक्ष नव्हतं. मॅच संपल्यावर फोन माझ्या हातात दिला, कसं चालायचं ते दाखवलं. मी घराच्या दाराकडे गेले तर घाईने म्हणाला, “थय जाव नको, मरशीत.” कितीतरी महिन्यांनी त्याचा असा आवाज ऐकला.

टीममध्ये लातूरचा एक मुलगा आहे. तो रोज रात्री याला विचारतो, जेवलास का. हे सांगताना हा माझ्याकडे बघत नव्हता. बाबा फोनवर फक्त मार्क विचारतात, असं म्हणाला. मी मिस्टरांना आज सकाळी फोन करून हे जसंच्या तसं सांगितलं. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. या शनिवारी येतायत, पेट्या भरायला म्हणून.

रात्री अकराला फोन ठेवायला तो कबूल नाही. साडेबारावर आलाय. आधी अडीच-तीन व्हायचे. सर, साडेबारापासून सुरुवात केली तर चालेल ना?

तिसरा तास:

चालेल, ताई. आठवडाभर साडेबारा पाळा, मग अर्ध्या तासाने अलीकडे आणा. तुमचा फोनही त्याच्या फोनशेजारी ठेवा. खात्याचा पिन आजच बदला, पण त्याला सांगून बदला. आणि मिस्टर आले की पहिल्या दिवशी निकालाचा विषय काढू देऊ नका.

कलमाखालची:

पिन बदलला, त्याच्या समोरच. काही बोलला नाही. डबा आज त्याने सड्यावर नेला नाही, आजीच्या फळीवरच आहे. उद्या नेईलही. सोमवारी दुपारी १४४१६ लावायचं ठरलंय, स्पीकरवर ठेव म्हणालाय, मी पण ऐकेन.