फॅमिली ग्रुप: पोरांना राजा बघायला नेऊ का?

रविवार, 20 एप्रिल 2025

मी: सगळ्यांना नमस्कार. एक विचारायचं होतं. येत्या शनिवारी, 26 तारखेला, इथला, म्हणजे नेदरलँड्सचा राजा आमच्या जवळच्या गावात येणार आहे. गावाचं नाव दूटिंखेम. आमच्या आर्नेमहून रेल्वेनं तासाच्या आत पोचतो. चिऊच्या वर्गातली बरीच मुलं जाणार आहेत, त्यामुळं तिनं धोशा लावलाय. ह्यांची त्या दिवशी ड्युटी आहे, म्हणजे दोन्ही पोरं घेऊन मी एकटीच. नेऊ का नको, दोन दिवस तेच चाललंय डोक्यात.

वहिनी: ताई, राजा गावात कशाला येतो पण? काही उद्घाटन आहे का?

मी: नाही वहिनी, वाढदिवस असतो त्याचा. 27 एप्रिल. इथं त्याला कोनिंग्सडाख म्हणतात, राजाचा दिवस. देशभर सुट्टी. यंदा 27 ला रविवार आलाय, म्हणून 26 ला. दर वर्षी एक गाव ठरतं आणि सगळं राजघराणं तिथं जाऊन रस्त्यानं चालत फिरतं. गेल्या वर्षी एमेन होतं, त्याच्या आधी रॉटरडॅम. आमच्या इतक्या जवळ परत कधी येईल कुणास ठाऊक.

दादा: मला विचारशील तर नको. आपण लोकशाहीतली माणसं. 1949 ला कोल्हापूर संस्थान विलीन झालं, 1971 ला संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढं सगळं झाल्यावर आपल्याच पोरांना रस्त्याकडेला उभं करून दुसऱ्याच्या राजाला हात हलवायला लावायचं, हे काय पटत नाही.

आई: आणि तुला दसऱ्याला खांद्यावर घेऊन कोण जात होतं रे? विसरलास? दसरा चौकात पाय ठेवायला जागा नसायची. अंबाबाईची पालखी, भवानीची पालखी, गुरुमहाराजांची पालखी. मग महाराजांची ती मेबॅक गाडी. महाराजांनी शमीचं पूजन केलं की माणसं सोनं लुटायला धावायची. तू बाबांच्या खांद्यावर बसून त्यांचे केस दोन्ही मुठीत घट्ट धरायचास. घरी आल्यावर ते आरशात बघायचे, किती उपटले म्हणून. पण पुढच्या वर्षी परत न्यायचेच.

दादा: आई, ते आपलं आहे. शाहू महाराजसुद्धा 2024 ला लोकांपुढं मतं मागून खासदार झाले. ते मान्य आहे मला. जन्मानं मिळालेलं सिंहासन वेगळं.

बापूकाका: दोघंही बरोबर आहात. पण एक सांगतो. डच लोक आधी प्रजासत्ताकच होते बरं का. स्पेनच्या राजाविरुद्ध उठले, 1568 ते 1648, ऐंशी वर्षं लढले आणि राजा नसलेला देश उभा केला. आत्ताची राजेशाही आली ती 1815 ला, नेपोलियन गेल्यावर. म्हणजे आपल्या उलटा प्रवास. उठावाचा पुढारी विलेम ऑफ ऑरेंज, 1584 ला डेल्फ्टमध्ये राहत्या घरी गोळी घालून मारला त्याला. पोरांना हे सांग जाताना. शिवाजी महाराजांची गोष्ट ऐकलेल्या पोरांना ही गोष्ट लगेच कळेल.

मी: काका, चिऊला हे शाळेत झालंय. राष्ट्रगीतच त्या विलेमवर आहे. पंधरा कडवी आहेत, पोरं पहिलंच म्हणतात. आणि सगळीकडं नारिंगी रंग का, तेही तिनंच मला सांगितलं. ऑरेंज हे फळ नाही, दक्षिण फ्रान्समधलं संस्थान. अकरा वर्षांच्या विलेमला ते वारशानं मिळालं. त्यावरून घराण्याचं नाव आणि नावावरून रंग.

आई: भगवाच की मग. चिऊचा गुढीपाडव्याचा झगा घाल तिला.

छकुली: आत्या, मला एक खटकतंय. ह्याच घराण्याच्या राज्यात गुलामांचा व्यापार झाला, इंडोनेशियात काय काय केलं. आमच्या कॉलेजात ह्यावर सेमिनार झाला होता. ते सगळं बाजूला ठेवून झेंडा हलवायचा का?

मी: छकुली, चांगलं विचारलंस. बाजूला ठेवायचं नाही. 1 जुलै 2023 ला ह्याच राजानं अॅमस्टरडॅमच्या ऑस्टरपार्कमध्ये उभं राहून गुलामगिरीबद्दल माफी मागितली. मी टीव्हीवर बघत होते. सोन्याची बग्गी आहे त्यांची, तिच्या एका बाजूला वसाहतीतली माणसं नजराणे घेऊन आल्याचं चित्र रंगवलंय. ती बग्गी आता वापरत नाहीत. माफीनं सगळं भरून येत नाही, पण ती मागितली गेली हे चिऊला माहीत असायला हवं. तिच्या वर्गातली तिची जिवलग मैत्रीण सुरिनामी हिंदुस्तानी आहे. तिच्या खापरपणजीच्या आधीची माणसं करारावर मजूर म्हणून कलकत्त्याहून जहाजानं सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, गेली. पहिलं जहाज 1873 ला पोचलं, लल्ला रूख नाव त्याचं. ती मैत्रीण पण येणार आहे शनिवारी, आजीबरोबर. त्या आजींना मी विचारलं, तुम्ही का जाता? म्हणाल्या, माझी नात इथं जन्मली, रस्ता तिचा आहे, तिनं पुढं उभं राहायचं.

मी: दादा, तुला पण हेच सांगायचं होतं मला. राजाला मुजरा करायला नाही जात मी. चिऊ तीन वर्षांची होती तेव्हा आलो आम्ही. सोनूचा जन्म इथला. कुणी विचारलं कुठली तू, की चिऊ म्हणते आर्नेमची. मग पुढचा प्रश्न येतोच, खरी कुठली? आठ वर्षांच्या पोरीनं त्यावर काय बोलायचं? गावाचा सण असला की गावात असावं माणसानं. घरात खिडकीतून बघत बसली तर ती पाहुणीच राहणार. आणि राणी माक्सिमा, ती अर्जेंटिनाची. लग्न करून आली, मोठेपणी डच शिकली. मी रोज संध्याकाळी भाषेचं पुस्तक उघडते ना, तेव्हा तिची आठवण येते मला. 2007 ला ती एका भाषणात म्हणाली होती की "एकच एक डच माणूस" असा काही नसतो. लोक केवढे चिडले होते तिच्यावर. मला ते वाक्य फार धीराचं वाटतं.

दादा: हे आधी सांगायचंस ना. जा मग.

सोमवार, 21 एप्रिल

आक्काआत्या: पोप गेले म्हणे आज. मग तुमचा कार्यक्रम होणार का? आणि बाई, गर्दीचं काय? दोन लेकरं, तू एकटी. तिकडं कुणीतरी गर्दीत गाडी घातली होती ना?

मी: हो आत्या, 2009 ला, आपेलडोर्नमध्ये. आमच्याजवळच आहे. तेव्हा आत्ताच्या राजाची आई राणी होती, बेआट्रिक्स. तिच्या बसच्या दिशेनं एकानं भरधाव गाडी आणली, वाटेतली सात माणसं गेली आणि तो स्वतःही. तेव्हापासून बंदोबस्त कडक झालाय. तरी मला पण धाकधूक आहेच, खोटं कशाला सांगू.

वहिनी: ताई, पोरांच्या मनगटावर बॉलपेनानं तुमचा नंबर लिहा. जोतिबाच्या यात्रेत आम्ही असंच करतो. आणि खिशात चिठ्ठी पण.

आई: दशम्या कर गुळाच्या. टिकतात. आणि गार असेल, ती माझी गोधडी घेऊन जा. सोनू दमला की मांडीवर घेऊन पांघरायची.

गुरुवार, 24 एप्रिल

मी: आत्या, पोपचा अंत्यविधी शनिवारीच आहे. पंतप्रधान रोमला जाणार, पण राजा दूटिंखेमला येणार असं ठरलंय. उद्या शाळेत राजाचे खेळ आहेत, सकाळी सगळ्यांचा एकत्र नाश्ता आणि मग मैदानावर खेळ. सोनू आत्तापासूनच नारिंगी टोपी घालून झोपलाय.

बापूकाका: सोनूला सांग की हा राजा विमान चालवतो. मी वाचलं होतं. कितीतरी वर्षं प्रवाशांच्या विमानात को-पायलट म्हणून बसायचा, आणि प्रवाशांना पत्ता नसायचा.

मी: काका, काय केलंत! सोनू आता विचारतोय, विमानातून उतरणार का म्हणून.

शनिवार, 26 एप्रिल, रात्री

आई: अगं पोचलात का घरी? दिवसभर एक मेसेज नाही. जीव टांगणीला लागलाय.

मी: आई, आलो. सगळे नीट आहोत. फोनची बॅटरी दुपारीच गेली. आता सविस्तर लिहिते.

मी: सकाळी साडेसहाला निघालो. रेल्वे नारिंगी माणसांनी गच्च. दूटिंखेमला उतरल्यावर सगळ्या गर्दीमागून चालत गेलो. पहिल्याच फाटकावर स्वयंसेवक म्हणाला, भरलं, दुसरीकडून जा. दुसरीकडं गेलो तर तिथं आधीच पाच-सहा रांगा. माझ्यापुढं सगळी दोन मीटर उंच माणसं. सोनूला खांद्यावर घेतलं, पण चिऊला काय दिसणार? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडली नाही, फक्त ओठ मुडपून उभी राहिली. ते जास्त लागलं मला. एवढ्या लांबून आणलं आणि लोकांच्या पाठी बघत उभी राहिली पोर.

मी: तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मागं वळून बघितलं. घरातली दोन पायऱ्यांची घडीची शिडी आणली होती त्यांनी. त्या मोठ्यानं म्हणाल्या, मुलांना पुढं येऊ द्या. आणि आई, ती सगळी उंच माणसं बाजूला सरकली. कुणी कुरकुर केली नाही. चिऊ, तिची मैत्रीण आणि आणखी दोन-तीन पोरं थेट कठड्यापाशी. मग बाईंनी मला विचारलं की मी कुठली. आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी तयारच होते. मी म्हटलं, आर्नेमची. त्या म्हणाल्या, मग तुम्ही लवकर उठला असाल, आणि पिशवीतला एक तोंपूस माझ्या हातात दिला. तोंपूस म्हणजे क्रीम भरलेला पेस्ट्रीचा चौकोनी तुकडा, एरवी वर गुलाबी साखर असते, आजच्या दिवशी नारिंगी. मी त्यांना दशमी दिली. त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधून नवऱ्यासाठी ठेवली.

आक्काआत्या: माणसं सगळीकडं सारखी गं बाई.

दादा: आणि राजा?

मी: बऱ्याच वेळानं आवाज जवळ आला. आधी बँड, मग काळ्या कोटातली सुरक्षेची माणसं, मग एकदम ते सगळे. राजा, राणी, राजकन्या, हात मिळवत, बोलत. आमच्या बाजूनं राणी होती, राजा पलीकडच्या बाजूला. सोनू खांद्यावरून ओरडला, मुकुट कुठाय? त्याला वाटलेलं, डोक्यावर असणार. मी त्याला सांगितलं की इथला राजा मुकुट घालतच नाही. 2013 ला अॅमस्टरडॅमच्या चर्चमध्ये राजा झाला तेव्हाही मुकुट नुसता टेबलावर ठेवला होता.

आई: डोक्यावर ठेवत नाहीत? मग राज्याभिषेक कसला?

मी: अभिषेक नाहीच आई. राज्यघटनेला स्मरून शपथ घेतो संसदेसमोर. दादा, हे तुझ्यासाठी.

दादा: वाचलं. आवडलं.

छकुली: चिऊ काय म्हणाली गं आत्या?

मी: सगळं मिळून अर्धा मिनिट असेल. राणी चिऊच्या समोरून गेली, थांबली नाही. चिऊनं कठड्यावरून हात लांब केला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं आता खट्टू होणार. तर ती वळून मला म्हणाली, "आई, तिच्या हाताला सुरकुत्या आहेत, तुझ्यासारख्या." अख्खी परतीची वाट तेवढंच सांगत होती. राणीचा हात तिनं इतक्या जवळून बघितला की तेवढाच लक्षात राहिला.

वहिनी: फोटो टाका ना ताई.

मी: एकच निघाला वहिनी. त्यात पाठमोरी चिऊ, तिच्या मनगटावर निळ्या शाईत माझा नंबर आणि पुढं कुणाची तरी बाही. बाही कुणाची ते कळत नाही. चार्ज झाला की टाकते.

मी: आणि आई, तुला एक सांगायचंय, रागवू नकोस. दुपारी आर्नेमला परत आलो तर आमच्या गल्लीत बाजार भरला होता. आजच्या दिवशी कुणीही रस्त्यावर जुनं सामान विकायला बसू शकतो, परवाना लागत नाही. पोरं आपली खेळणी मांडून बसतात. चिऊ-सोनूनं पण मांडली. खाली अंथरायला काही नव्हतं, म्हणून तुझी गोधडी अंथरली.

आई: रस्त्यावर? माझी गोधडी?

मी: हो. तुझ्या हिरव्या इरकलीचा काठ आणि आजीच्या नऊवारीचा तुकडा वर आला होता. एक बाई आल्या, खेळण्यांकडं बघितलंच नाही. गुडघ्यावर बसून टाक्यावरनं बोट फिरवत राहिल्या. हातानं शिवलंय का विचारलं. मग म्हणाल्या, चाळीस युरो देते. सोनूचे डोळे मोठे झाले, त्याची सगळी खेळणी मिळून सहा युरोला गेली होती. चिऊ उठून उभी राहिली आणि स्वच्छ डचमध्ये म्हणाली, ही विकायची नाही, ही माझ्या आजीची आहे. मग बाईंना जवळ बसवून एकेक तुकडा दाखवत बसली. हा आजीचा, हा पणजीचा, हा आईच्या शाळेच्या झग्याचा. मला माहीत नव्हतं तिला एवढं ठाऊक आहे. तू कधी सांगितलंस?

आई: गेल्या मे महिन्यात. दुपारी झोपायची नाहीत दोघं, मग गोधडीवर पडून हेच सांगत बसायचे. बरं, आता ती आत घेऊ नकोस तशीच. रस्त्यावरची धूळ असेल. गार पाण्यात बुडव, घासू नकोस, आणि ऊन आलं की आतली बाजू वर करून टाक. हिरवा रंग विटतो त्याचा.