वर्षभर नावं ठेवायची आणि दसऱ्याला माळ घालायची, हे चुकतंय का?

खिळेजुळारी (म्हापसा)

म्हापशात माझा लहानसा छापखाना आहे. १९८१ साली पोरवयात खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवायला बसलो, आता कारभार मुलगा बघतो. दसऱ्याला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो: कटिंग मशीन, ऑफसेट, दोन संगणक आणि कोपऱ्यातलं ट्रेडल (खिळ्यांवरून छापायचं जुनं यंत्र), जे बारा वर्षं बंद आहे पण मोडीत घालवत नाही. त्यांच्यासोबत पाटावर वर्तमानपत्रातलं एक कात्रण असतं. त्यात स्टीव्ह जॉब्सचा फोटो आहे. त्यालाही रोजांची माळ पडते (झेंडूला आमच्याकडे रोजां म्हणतात).

यंदा पूजा आटोपल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ॲपलची एक वस्तू तुम्ही आयुष्यात घेतली नाहीत. वर्षभर त्यांना नावं ठेवता. मग आज हे कशाला? दोन्हीतलं एक काहीतरी खरं धरा." तो चिडून बोलला नाही, म्हणूनच मला ते लागलं. उत्तर नीट देता आलं नाही. तुम्हा मंडळींना विचारतो.

नावं ठेवतो ते खरं आहे. ज्या यंत्राचा मालक ते उघडू शकत नाही, ते यंत्र मला आपलं वाटत नाही. १९८४ चा पहिला मॅकिंटॉश घ्या. पेटीचे स्क्रू इतके खोल की साधा पेचकस पोचू नये. आत जादा कार्ड बसवायला जागा नाही. मेमरी १२८ केबी, आणि ती वाढवायची सोय ठेवलेली नाही. कळफलकावर बाणांच्या कळासुद्धा नव्हत्या, लोकांनी माउसच धरावा म्हणून! पुढे फोन आला तोही तसाच, बॅटरी आत बंद, मेमरी कार्डाला खाच नाही. आम्ही ट्रेडलचा रोलर गूळ आणि सरस वितळवून स्वतः ओतायचो. यंत्र बिघडलं की पहिला हात आपला, मग मिस्त्रीचा. तो हात ज्याने बाहेर ठेवला, त्याच्या वस्तू मला आवडणं शक्य नाही. किमतीचं तर बोलतच नाही.

आता माळेचं सांगतो. २०११ साली दसरा ६ ऑक्टोबरला होता. जॉब्स गेला अमेरिकेतल्या ५ तारखेच्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे दसऱ्याची पहाट. मी छापखान्यात माळा ओवत बसलो होतो आणि शेजारच्या दुकानातल्या टीव्हीवर बातमी लागली. वय फक्त ५६. हातातली माळ ट्रेडलसाठी होती. ती तशीच हातात राहिली आणि मला आमचे फोरमन आठवले.

त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मार्दोळच्या म्हाळसेचं हँडबिल असो की बोडगेश्वराच्या जत्रेतल्या नाटकाचं, मथळा मास्तरच जुळवणार. 'म्हाळसा' जुळवायचं म्हणजे अर्धा म, ह, काना, मग ळ. आणि नेमका ळ केसमध्ये (खिळ्यांच्या खणांच्या पेटीत) संपलेला असायचा, कारण गोव्यातल्या गावांत आणि आडनावांत ळ फार. वेलांटीचं शेपूट खिळ्याबाहेर लोंबायचं आणि दाबाखाली मोडायचं. र अंगाने किरकोळ, क्ष ऐसपैस. दोघांच्या मध्ये किती फट ठेवायची हे मास्तर डोळ्याने ठरवायचे आणि कागदाची बारीक पट्टी कापून तिथे बसवायचे. वाचणाऱ्याला ती पट्टी कधी दिसणार नव्हती. पण ती नसली तर शब्द दात पडल्यासारखा दिसायचा.

आमच्याकडे संगणक आला १९९४ मध्ये. विंडोजवाला, वर पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर. लेझर प्रिंटरवरून पहिलं पान निघालं तेव्हा मास्तरांनी ते खिडकीशी नेलं, भिंग लावलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "जागा बरोबर सुटलीय." त्यानंतर चार महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. पण करायला काही उरलं नव्हतं.

पुढे मी वाचलं की संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला त्याच्या अंगाप्रमाणे जागा मिळावी, हा हट्ट सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत आणणारा माणूस हा जॉब्स. मास्तरांचा हट्ट आणि याचा हट्ट एकच होता. आणि त्याच हट्टाने मास्तरांचं काम गेलं. माळ घालताना माझ्या मनात हे दोन्ही असतं.

मुलाला काय सांगू?

पर्वरीकर

बाब, मुलाच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे.

माणसाचा मान आणि वस्तूंची नावड एकत्र राहू शकतात, त्यात मला काही वावगं वाटत नाही. माझी अडचण वेगळी आहे. माळ चुकीच्या गळ्यात पडतेय, निदान एकट्याच्या गळ्यात पडतेय. पडद्यावर निरनिराळ्या रुंदीची अक्षरं १९७३ च्या झेरॉक्स आल्टो या संगणकावर आधीच होती, आणि जॉब्सने झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जाऊन ते काम पाहिलं १९७९ मध्ये. लेझर प्रिंटर गॅरी स्टार्कवेदरचा, तोही झेरॉक्समधलाच. मास्तरांनी ज्या फटीचं कौतुक केलं ती कागदावर नेमकी उमटावी यासाठी पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा रचली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी. पेजमेकर १९८५ मध्ये आणलं पॉल ब्रेनर्डच्या आल्डस कंपनीने. आणि तुमच्या विंडोजवर मराठी अक्षरं ज्या ट्रूटाइप पद्धतीने आली, ती ॲपलमध्येच तयार होऊन १९९१ मध्ये बाहेर पडली खरी, पण जॉब्स १९८५ मध्येच ॲपल सोडून गेला होता. तुमच्या १९९४ च्या पानात त्याचा हात शोधायला गेलात तर फार लांबून शोधावा लागेल.

शिवाय, २०११ च्या त्याच आठवड्याची दुसरी गोष्ट. जॉब्सनंतर सातच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, डेनिस रिची त्याच्या घरी मृतावस्थेत सापडला. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्याची, युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली त्याची आणि केन थॉम्प्सनची. आयफोनच्या आतली प्रणालीसुद्धा युनिक्सच्या घराण्यातली. त्याचा फोटो कुठल्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर घेतला? मी तेव्हा फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत होतो. सी भाषेचा जर्नल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि वर्गात एकालाही ही बातमी माहीत नव्हती. मलाही नाही. त्याची खंत मला आजही आहे.

अक्षरवेल (फोंडा)

पर्वरीकर, तुमचा तपशील बरोबर आहे, पण खिळेजुळारीकाकांनी "टेबलापर्यंत आणणारा" म्हटलंय, "शोधणारा" म्हटलेलं नाही. आल्टो बाजारात कधी विकायला आलाच नाही. वॉर्नॉक आणि गेश्कींची कंपनी अगदी नवी असताना त्यांना लेझर प्रिंटरकडे वळवलं आणि ॲपलचे पैसे त्यांच्यात घातले ते जॉब्सनेच. १९८५ चा ॲपलचा लेझर प्रिंटर, लेझररायटर, ६,९९५ डॉलरचा होता. आज ही रक्कम डोळे फिरवते. पण तेव्हा त्या दर्जाची अक्षरजुळणी करणारी यंत्रं घेणं म्हापशातल्या छापखान्याच्या स्वप्नातही नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत तसलंच काम गल्लीतल्या दुकानात पोचलं, याची सुरुवात तिथे आहे.

मी शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवते, म्हणून मला या गोष्टीतला एक वेगळाच माणूस जवळचा वाटतो. जॉब्सने पोर्टलंडच्या रीड कॉलेजातून पहिल्याच सत्रानंतर नाव काढलं, पण तो तिथे घुटमळत राहिला आणि सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसू लागला. फी नाही, परीक्षा नाही. वर्ग घेत होते रॉबर्ट पॅलादिनो, आधी ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठात राहिलेले. दोन अक्षरांमधली जागा कमीजास्त कशी करायची हे तिथे शिकलो, असं जॉब्सने २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलं. त्याच भाषणात तो म्हणाला की मी त्या वर्गात बसलो नसतो तर कुठल्याच संगणकावर अशी अक्षरं आली नसती. ते मला पटत नाही, आल्टोचं उदाहरण समोर आहे. पण दहा वर्षांनी यंत्र बनवताना एखाद्याला आपल्या अक्षरगुरूचा वर्ग आठवावा, हे वाचून मला माझ्या मागच्या बाकावरची मुलं दिसतात. नाव न नोंदवता येऊन बसणारी. मी त्यांना कधी उठवत नाही.

माळ मात्र मी घालणार नाही. आपल्या मुलीला, लिसाला, त्याने कित्येक वर्षं आपली मानली नाही, आणि त्याच काळात कंपनीच्या संगणकाला तिचं नाव होतं. हे माझ्याच्याने ओलांडवत नाही. काका, तुमच्या पाटावर पॅलादिनोंसाठी एक फूल माझ्याकडून ठेवा. ते २०१६ मध्ये गेले.

आणि एक, तुम्ही फटीचं लिहिलंत म्हणून आठवलं. भारतातला पहिला छापखाना आपल्याच गोव्यात आला, १५५६ साली, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. तरी १६१६ मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओव्यांचं असूनही रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. आपली अक्षरं यंत्रात बसवणं किती जड काम आहे हे या भूमीला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. तुमच्या मास्तरांच्या कागदी पट्टीची किंमत मला त्यामुळे जास्तच कळते.

मोबाईल_मिस्त्री (डिचोली)

मी शिकलेला कमी, पण या वस्तू रोज उघडतो. आयफोनचा पाच पाकळ्यांचा तो स्क्रू ज्याने आणला त्याला दुरुस्ती करणारा माणूस नकोच होता, यात शंका नाही. बाबचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण उघडल्यावर आत बघा. पट्ट्या, तारा, सगळं कसं ओळीत लावलेलं असतं. जिथे कोणी बघणार नाही तिथेही. मी नवीन पोरांना सांगतो, जोडून परत बंद करताना तसंच लावून बंद करा. त्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पेटीच्या आतल्या बाजूला तो बनवणाऱ्या लोकांच्या सह्या साच्यातच उठवल्या होत्या, फोटो बघितलाय मी. जी पेटी गिऱ्हाईकाने उघडायचीच नाही, तिच्या आत सह्या. जॉब्सचीही त्यात आहे, पण बाकीच्यांच्याही आहेत.

खिळेजुळारी (म्हापसा)

सगळ्यांचं वाचलं. काल रात्री दुकान बंद झाल्यावर मुलालाही वाचून दाखवलं.

पर्वरीकर, राग कसला? तुमच्यामुळे मला एक गोष्ट कबूल करावी लागतेय. मी कात्रण ठेवलं कारण कात्रण मिळालं. रिचीचा फोटो आला असता तर कदाचित तोही कापला असता, पण आला नाही आणि मी शोधायला गेलो नाही. मास्तरांचाही फोटो माझ्याकडे नाही. पंचवीस वर्षं आमच्या प्रत्येक हँडबिलाखाली छापखान्याचं नाव आलं, जुळवणाऱ्याचं एकदाही आलं नाही. मीच जुळवत होतो, मला घालता आलं असतं.

अक्षरवेल, लिसाचं मला अर्धवट माहीत होतं. तुमचं म्हणणं खोडायला माझ्याजवळ काही नाही. मी त्याला पाटावर ठेवतो तो घरचा माणूस म्हणून नव्हे, आमच्या धंद्यातला म्हणून. ट्रेडलशेजारी ठेवतो. देवघरात ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. तुमचं फूल पॅलादिनोंना पोचेल.

मिस्त्री, त्या सह्यांचं वाचल्यावर मला झोप आली नाही. सकाळी उठून मुलाने आणि मी ट्रेडलवरचं कापड काढलं. चाक फिरतंय. रोलर गेलेत, ते ओतू, गूळ घरात आहेच, सरस मिळवावा लागेल. मुलगा म्हणाला, फोटो राहू दे बाबा, पण नावंही छापूया. म्हणून बारा पॉइंटची केस काढून जुळवायला बसलो: जॉब्स, रिची, वॉर्नॉक, गेश्की, स्टार्कवेदर, पॅलादिनो. हयात नसलेल्यांचीच घेतलीत. शेवटी मास्तरांचं पूर्ण नाव, गावासकट.

सगळं जुळलं, फक्त अर्धा स एकच शिल्लक आहे. तो मास्तरांच्या नावात लागतोय. स्टार्कवेदर अडलाय. डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही जुन्या छापखान्यात बारा पॉइंटचा अर्धा स पडून असेल तर कळवा. मी स्वतः येऊन नेतो.